ती ओळ रोजच असायची

रुग्णालयाच्या रक्तपेढीत त्यांना सगळे पडदेबाई म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बाकीच्यांच्या संगणकावर रंगीत चौकोन, बटणं, चित्रं असत; बाईंच्या टेबलावर मात्र दिवसभर एक काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. बाई त्यावर शब्द टाइप करायच्या, एंटर मारायच्या आणि पडदा अक्षरांतच उत्तर द्यायचा. कुणीतरी गमतीने ठेवलेलं नाव चिकटलं ते कायमचंच. पुढे पुढे तर त्यांचं खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, "ह्या कोण हो? आपल्याकडेच असतात का?"

नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत बाईंनी एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव 'मोजणी'. सकाळी आलेल्या तंत्रज्ञाने काळ्या पडद्यावर हा एक शब्द टाइप करायचा. मग मोजणी सगळ्या फ्रिजमधल्या रक्ताच्या पिशव्यांवरून एक नजर फिरवायची: कोणती कोणत्या गटाची, कोणाची मुदत संपत आली, रात्रभर फ्रिजचं तापमान ठीक राहिलं का. आणि आज वॉर्डात द्यायला कोणत्या पिशव्या चालतील ते सांगायची. सुरुवातीला ती मोजकंच बोलायची. सगळं ठीक असेल तर पिशव्यांची यादी दाखवून गप्प.

मग हळूहळू तिला तोंड फुटलं. एकदा प्रिंटरमधला कागद ऐन वेळी संपला आणि वॉर्डातून आरडाओरडा झाला. मोठे डॉक्टर, म्हणजे रक्तपेढीचे प्रमुख, बाईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "प्रोग्रामने आधी सांगायला नको का? एक ओळ टाका बाई." बाईंनी ओळ टाकली. पुढे कधी दोन संगणकांची घड्याळं जुळली नाहीत, त्याची एक ओळ. जुन्या पद्धतीने भरलेल्या नोंदी सापडल्या, त्याची एक. मोजणीची नवी आवृत्ती आली की त्याची एक. मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते. पण त्यांना वर जबाब द्यावा लागे, आणि 'आम्ही इशारा दिला होता' हे वाक्य हाताशी असलं की त्यांना रात्रीची झोप लागे. बाईही फारशी हुज्जत घालत नसत. एक ओळ टाकायला वेळ तो किती लागणार?

असं करत करत मोजणी सकाळी साठेक ओळी बोलू लागली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच शब्द, 'इशारा'.

त्यात एक ओळ तीन नंबरच्या फ्रिजची असे. त्या फ्रिजमधली तापमान मोजणारी तार सैल झाली होती. त्यामुळे रोज सकाळी पडद्यावर यायचं, 'इशारा: फ्रिज तीन, रात्रीच्या तापमानाची नोंद मिळाली नाही.' तार बदलायची मागणी गेलेली होती. तोवर एक साधा तापमापक आत टांगून ठेवला होता आणि तंत्रज्ञ तो डोळ्यांनी बघून घ्यायचे. बाकी फ्रिजना बाहेर घंटा होत्या खऱ्या, पण दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी त्या केकाटायच्या, म्हणून कुणीतरी कधीतरी त्यांची तोंडं बंद करून टाकली होती. कुणी केलं ते कुणीच विचारलं नव्हतं आणि सगळ्यांनीच सुटकेचा श्वास टाकला होता.

याच सुमारास बाईंना अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसू लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, दिवा मारला, पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "पडद्याचा आजार आहे." बाईंना हसू आलं. डॉक्टर चमकले. मग बाईंनी आपलं कचेरीतलं नाव सांगितलं, तेव्हा डॉक्टरही कसनुसं हसले. पण पुढचं जे त्यांनी सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. नजर थोडी थोडी करून जाणार होती, आणि गेलेली परत येणार नव्हती.

त्या दिवशी घरी नेऊन सोडताना नवरा गाडीत एक शब्द बोलला नाही. तो गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत शिक्षक होता. घरी तोंडाचा पट्टा सुरू असे, पण गाडीत बसला की मुका. बाईंनी स्वयंपाकघरात आल्यावर विचारलं, "अहो, काहीतरी बोला ना."

"काय बोलू? सुचत नाहीये." मग हातातली किल्ली उगाच इकडून तिकडे ठेवत तो म्हणाला, "ते बोलणारं यंत्र असतं म्हणे. पडद्यावरचं वाचून दाखवतं. ते घेऊ या. सुरुवात तिथून करू."

यंत्र म्हणजे प्रोग्रामच होता. बाईंनी तो कचेरीतल्या संगणकावर बसवून घेतला, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटून शिकायला बसल्या. मोजणीतल्या चुका आवाजावरून शोधायच्या म्हणजे पहिले काही आठवडे जीव मेटाकुटीला आला. पण बाई जिद्दी होत्या.

मग एका सकाळी त्यांनी पहिल्यांदा मोजणी चालवून नुसती ऐकली.

यंत्राचा आवाज एकसुरी. इशारा, प्रिंटरमध्ये कागद कमी आहे. इशारा, घड्याळ काही सेकंद मागे आहे. इशारा, जुन्या पद्धतीच्या नोंदी आढळल्या. इशारा, इशारा, इशारा. ओळी संपता संपेनात. डोळ्यांनी बघताना बाई सरळ तळाशी जायच्या, यादी बघायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. कानांना तशी उडी मारता येत नव्हती. एका ओळीत काय होतं ते पुढची ओळ येईपर्यंत मनातून पुसून जात होतं. यादी आली तेव्हा बाईंनी कानावरचं काढून ठेवलं. हे सगळं आपणच एकेक करून लिहिलंय, आणि आपल्यालाच ते ऐकवत नाहीये.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, मोजणी फार बडबडते. निम्म्याहून जास्त ओळी काढून टाकते."

"आणि काढलेल्यातलीच एखादी गोष्ट उद्या घडली तर?"

"पण वाचतं कोण?"

"ते त्यांच्यावर. आपण सांगितलं, आपलं काम झालं." मग जरा नरमाईने म्हणाले, "तुम्ही आता डोळ्यांचं बघा बाई. हे नका डोक्यात घेऊ."

बाई परत आल्या. पुन्हा एकदा जाऊन बोलू असं त्यांनी ठरवलं, पण डोळ्यांच्या तपासण्या आणि औषधं यांच्या धबडग्यात ते मागे पडलं.

रक्तपेढीत एक तंत्रज्ञ होती, तिला सगळे धाकटी म्हणत. आली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून. आता तिच्याहून लहान दोघीतिघी आल्या होत्या, तरी नाव तेच. हाताची इतकी हलकी, की सुईला घाबरणारे रक्तदाते तिच्याच खुर्चीची वाट बघत थांबायचे. बाईंच्या टेबलाशी येऊन त्यांना डब्यातलं काय कुठे आहे ते न विचारता सांगणारीही तीच.

त्या सकाळी धाकटीनेच मोजणी चालवली. पडद्यावरून ओळी सरसर वर गेल्या. यादी आली. वॉर्डातून एका म्हाताऱ्या गवंड्यासाठी रक्त मागितलं होतं. परांचीवरून पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि शस्त्रक्रिया होऊन गेली होती. यादीत पाच नंबरच्या फ्रिजमधली त्याच्या गटाची पिशवी होती. धाकटीने गट पुन्हा तपासला, पिशवी हाताला गार लागली, रंग ठीक वाटला. तिने पिशवी दिली.

गवंड्याला संध्याकाळपर्यंत थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी शुद्ध हरपली. त्यानंतर तो फार जगला नाही.

मग शोधाशोध झाली. आदल्या रात्री पाच नंबरचा फ्रिज काही तास बंद पडून पुन्हा आपोआप सुरू झाला होता. सकाळपर्यंत आतलं सगळं गार. पण तारेने तापमान टिपून ठेवलं होतं आणि मोजणीने ते सांगितलंही होतं. तीन नंबरच्या रोजच्या ओळीखाली, तशाच अक्षरांत: 'इशारा: फ्रिज पाच, रात्री तापमान मर्यादेबाहेर.' सांगून झाल्यावर तिने त्याच फ्रिजमधल्या पिशव्या यादीत घेतल्या होत्या. कारण अडवायचं कुणी तिला शिकवलंच नव्हतं.

संसर्ग रक्तातून आला की जखमेतून, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना. पण चौकशी बसली आणि धाकटीला घरी बसवलं.

बाई तिच्या घरी गेल्या. धाकटी दारातच रडायला लागली. "बाई, फ्रिज अमुक, तापमान तमुक, ती ओळ रोजच असते हो. मला वाटलं तीच आहे."

बाईंनी तिचा हात धरला. बोलण्यासारखं जे होतं ते या दारात बोलून उपयोग नव्हता.

चौकशी लांबट खोलीत झाली. तिघे सदस्य टेबलापलीकडे, धाकटी अलीकडे. तिच्यापुढे त्या सकाळच्या मोजणीचा छापील कागद ठेवला होता आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ; ती धाकटीने बाईंना हळूच सांगितली होती. अध्यक्षांनी बाईंना विचारलं, "प्रोग्राम तुमचा. इशारा दिला होता ना त्याने?"

"दिला होता."

"मग यांनी वाचला नाही, इतकंच."

"त्या कागदावर लाल रेघ तुम्ही मारलीत," बाई म्हणाल्या. "तिच्या पडद्यावर ती नव्हती. तिला काय दिसलं ते मला दाखवता येणार नाही, मला आता नीट दिसत नाही. पण मी जे ऐकते ते ऐकवू का?"

अध्यक्षांनी मान हलवली असावी. नवऱ्याने बरोबर आणलेला छोटा संगणक टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. यंत्र वाचू लागलं. इशारा, प्रिंटरमध्ये कागद कमी आहे. इशारा, घड्याळ मागे आहे. पहिली काही वाक्यं तिघांनी कान देऊन ऐकली. मग बाईंना खुर्ची करकरल्याचा आवाज आला. कुणीतरी कप बशीत ठेवला. कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजलं. यंत्र आपलं चालूच. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "कळलं हो बाई. किती वेळ चालणार हे? मुद्द्याची ओळ तेवढी ऐकवा."

"ती होऊन गेली," बाई म्हणाल्या.

यंत्र पुढे वाचत राहिलं, ते बाईंनीच बंद केलं. त्यांना जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

"या ओळी मी लिहिल्यात," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ओळ कुणीतरी मागितली म्हणून लिहिली. त्यातल्या बऱ्याचशा वाचणाऱ्यासाठी नव्हत्याच. नंतर आपल्याला दाखवता याव्यात म्हणून होत्या. आज त्या दाखवल्या जातायत."

मोठे डॉक्टर भिंतीशी बसले होते. ते उठून म्हणाले, "मागणारा मीच होतो. आणि त्या कमी करू या असं बाई मला सांगायला आल्या होत्या. मी नको म्हटलं." एवढंच बोलून ते खाली बसले. बाईंना ते अपेक्षित नव्हतं.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. गवंड्याची मुलगी, कपडे शिवायच्या दुकानात मापं घ्यायची. तिने पडदेबाईंना थांबवलं.

"तुम्ही त्या मशीनवाल्या ना?"

"हो."

"मशीनने सांगितलं होतं म्हणे, रक्त खराब असेल म्हणून."

"सांगितलं होतं."

"मग कुणी ऐकलं कसं नाही?"

बाईंनी तिच्या शेजारी बसून घेतलं. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, नुसता एक फिकट आकार. सांगायला हजार गोष्टी होत्या, आणि त्या सगळ्या सांगायच्या म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. "कारण आम्ही सगळंच एका आवाजात सांगत होतो," त्या म्हणाल्या. "महत्त्वाचंही आणि बिनमहत्त्वाचंही. चूक आमची आहे. तुमच्या वडिलांची नाही, आणि त्या तंत्रज्ञ पोरीचीही नाही."

ती मुलगी म्हणाली, "बाबा भिंत बांधताना कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. म्हणायचे, ओळंब्यावर लक्ष राहत नाही." आणि उठून निघून गेली.

धाकटीला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. ती परत आली, पण रक्तदात्यांशी पूर्वीसारख्या गप्पा मारेनाशी झाली. तीन नंबरच्या फ्रिजची तार मात्र त्याच आठवड्यात बदलून मिळाली. घंटांची तोंडंही कुणीतरी न बोलता उघडून टाकली.

आणि बाईंनी मोजणी पुन्हा लिहायला घेतली. एकट्याने नाही. धाकटीला शेजारी बसवलं. धाकटी एकेक ओळ वाचायची आणि बाई एकच प्रश्न विचारायच्या, "हे वाचून तू काय करतेस?"

"प्रिंटरमध्ये कागद कमी?"

"काही नाही. संपला की घालते."

"काढ."

"घड्याळ मागे आहे?"

"मला काय करता येणार त्याचं?"

"तुला नाही, मोजणीला करता येईल. ती जुळवून घेईल आणि तोंड बंद ठेवेल."

काही ओळींना धाकटी अडखळायची. "ही कधीतरी लागते, बाई. रोज नाही." मग बाईंनी अशा ओळी वेगळ्या काढल्या. तंत्रज्ञाने मुद्दाम 'सविस्तर सांग' असं टाइप केलं तरच त्या दिसणार. मोठ्या डॉक्टरांनी एवढंच मागितलं की सगळं कुठेतरी साठून राहावं, नंतर बघता यावं. बाईंना ते पटलं. ते सगळं मागे एका फाइलमध्ये जमा होऊ लागलं, पडद्याच्या वाटेला न जाता.

'इशारा' हा शब्द राहिला तो मोजक्या गोष्टींसाठी. काम पुढे जाऊ शकतं, पण माणसाने आजच काहीतरी करायला हवं, अशा. आणि त्या ओळीत काय झालं एवढंच नाही, तर काय करायचं तेही लिहिलेलं. जिथे पुढे जाणंच धोक्याचं, तिथे इशारा नाहीच; मोजणी सरळ थांबणार, त्या फ्रिजमधली एकही पिशवी यादीत घेणार नाही. दुसऱ्या एका तंत्रज्ञाने सुचवलं, "थांबण्याऐवजी 'नक्की ना?' असं विचारू दे की." बाई म्हणाल्या, "रोज विचारलं की बोट आपोआप हो म्हणतं. विचारणारा थकत नाही, उत्तर देणारा थकतो."

घरी हे सगळं ऐकून नवरा म्हणाला, "आम्ही गाडीत हेच करतो. शिकणारा माणूस चाकावर बसला की मी बडबड करत नाही. समोर मूल आलं तर ब्रेक म्हणतो, आणि ब्रेकवर माझाही पाय असतो."

"मग घरी का बडबडता?"

"घरी ब्रेक नाही ना माझ्याकडे." कित्येक दिवसांनी बाई मोठ्याने हसल्या.

नवी मोजणी पहिल्यांदा चालवली तेव्हा मात्र फसली. मोजायला वेळ लागत होता आणि पडद्यावर एक अक्षर नाही. धाकटीला वाटलं, अडकली. तिने मध्येच बंद केली, पुन्हा चालवली, पुन्हा बंद केली. "बाई, हिला काय झालंय?" तिने विचारलं. "काहीच सांगत नाही. मला भीती वाटते."

बाईंना मोजणीला गप्प ठेवण्याच्या आपल्या हट्टाचा राग आला. जो माणूस एकदा पोळलाय, त्याच्यापुढे काळा पडदा नुसता ठेवून देणं हाही एक छळच. त्यांनी एक ओळ घातली. मोजायला वेळ लागतोय असं दिसलं तरच ती उमटणार: 'फ्रिज मोजत आहे, पाचपैकी दोन झाले.' पुढचा फ्रिज आला की तीच ओळ जागच्या जागी बदलणार, नवी ओळ नाही. आणि शेवटी, 'मोजणी पूर्ण.' धाकटीने ते वाचलं आणि खांदे खाली सोडले.

पुढे इतर रुग्णालयांनीही मोजणी मागून नेली. बाई तिथे जाऊन शिकवायच्या. नवरा गाडीने सोडायचा. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी म्हणायचंच, "एवढंही सांगितलं तर बरं होईल." बाई त्याला शेजारी बसवून विचारायच्या, "वाचून काय करणार?" उत्तर आलं तर ओळ घालायच्या. उत्तर देता आलं नाही तर तो माणूसच पुष्कळदा लाजून उठायचा. बाई कुणाला चौकशीची गोष्ट सांगत नसत.

नजर पूर्ण गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर काही महिन्यांनी धाकटी घरी आली. चपला काढता काढताच म्हणाली, "बाई, काल मोजणी थांबली. फ्रिज दोन. 'रात्री तापमान मर्यादेबाहेर, पिशव्या बाजूला काढा, कुणालाही देऊ नका.' बाकी काही नाही. पडदा सगळा रिकामा आणि मधे तेवढंच."

"मग?"

"काढल्या सगळ्या. मोठ्या डॉक्टरांनी सही केली, जाळायला पाठवल्या." ती खुर्चीत बसली. "त्यात एक पिशवी एका शिक्षिकेची होती. सुईला इतकी घाबरते ती बाई. माझा हात धरून बसली होती त्या दिवशी."

बाईंनी चाचपडत तिच्यासाठी पाण्याचा पेला भरला. धाकटीने तो हातात घेतला, पण प्यायली नाही. मग धाकटी त्या शिक्षिकेबद्दल बोलायला लागली, ती काय शिकवते, कुठे राहते, आणि बाई ऐकत राहिल्या.